शेगावले जाते का?

नागपुरात विजेची कार घेतली की माणसाला स्वतःची ओळख करून द्यायची गरज उरत नाही. लोक थेट "किती जाते?" असंच विचारतात. सिग्नलवर काच वाजवून विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, भाजीच्या ठेल्यावर पालक निवडता निवडता विचारतात. एका दूरच्या काकांना पोचवायला अंबाझरी घाटावर गेलो होतो. चेहरा जमेल तितका पडलेला ठेवून उभा होतो. शेजारचे गृहस्थ सरकत सरकत जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "बाहेर हिरव्या नंबरप्लेटची उभी आहे, ती तुमचीच ना? फुल्ल चार्जमध्ये किती जाते?"

"दोनशे," मी तितक्याच हळू आवाजात म्हणालो.

"कंपनी तर तीनशेच्या वर सांगते."

"कंपनी मे महिन्यात नागपुरात राहत नाही."

त्यांनी चितेकडे बघून लांब उसासा सोडला. "म्हणजे शेगावले नाही जात."

विदर्भात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धत शाळेपुरती आहे. खरं माप शेगाव. गजानन महाराजांचं शेगाव नागपूरहून तीनशेच्या आसपास पडतं आणि जी गाडी एका दमात तिथे पोचत नाही ती आमच्याकडे गाडीत धरत नाहीत. आता यात गंमत अशी, की विचारणाऱ्याला "तुम्ही मागच्या वेळी शेगावला कसे गेला होतात?" असं उलट विचारलं की तो म्हणतो, "रेल्वेनं. रात्रीचा कोण गाडी चालवते बाप्पा!" पुण्याचंही तेच. ज्यांचा मुलगा हिंजवडीत आहे अशी सगळी मंडळी माझ्या बॅटरीची चौकशी पुण्याच्या हिशेबानं करतात आणि स्वतः मात्र ट्रॅव्हल्सनं जातात. आता तर अजनीहून पुण्याला वंदे भारत सुटते. तरीसुद्धा गाडी पुण्याला जायला हवी. आपण गेलो नाही तरी चालेल, ती जायला हवी.

मी कुठे जातो, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. मी त्रिमूर्तीनगरात राहतो आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करतो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, रविवारी गोकुळपेठेच्या बाजारापलीकडे माझी झेप जात नाही. दोनशे किलोमीटरची बॅटरी आणि साठ किलोमीटरचा माणूस. हिशेबखात्यात असल्यामुळे ही वजाबाकी मला येते. अडचण वजाबाकीची नाहीच.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला विरोध 'थांबा' पक्षाकडून झाला. हा पक्ष नागपुरात फार मोठा आहे आणि त्याला कारणही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री आमच्याच गावचे, त्यामुळे देशात कुठलंही नवीन इंधन निघालं की त्याची पहिली बातमी नागपूरकराच्या कानावर पडते. 2021 मध्ये एलएनजीची देशातली पहिली खासगी सोय इथे झाली. 2022 मध्ये गडकरीसाहेब हायड्रोजनच्या कारमधून संसदेत गेले. 2023 मध्ये इथेनॉलवर चालणारी इनोव्हा दाखवून झाली. या सगळ्यामुळे माझे मेहुणे गेली कित्येक वर्षं थांबलेले आहेत. आधी ते सीएनजीसाठी थांबले होते, मग इथेनॉलसाठी थांबले, सध्या हायड्रोजनसाठी थांबले आहेत.

"घाई करून राहिले तुम्ही," ते म्हणाले. "हायड्रोजन आला की तुमची ही भंगारात जाते."

"हायड्रोजन कधी येतो?"

"येऊन राहिला ना."

हायड्रोजन येईपर्यंत ते रोज सकाळी माझ्याच गाडीतून खापरीपर्यंत येतात. आता ऑगस्ट 2025 पासून समृद्धी महामार्गावर विजेच्या कारना टोल माफ झाला, हे कळल्यापासून तर त्यांना चैन नाही. "चला मुंबईला," म्हणतात. सातशे एक किलोमीटर. मुंबईत काय काम आहे विचारलं तर म्हणतात, "काम काही नाही. टोल वाचते."

घरातला विरोध जास्त अभ्यासपूर्ण होता, कारण सौ. शाळेत भूगोल शिकवते. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडून दाखवला. पेट्रोल शंभरच्या वर. रोजचे चारेक लिटर. म्हणजे रोजचे चारशे रुपये. याउलट साठ किलोमीटरला वीज लागते आठ-नऊ युनिट. ती पत्रिका तिनं हातात घेतली, उलटी करून लग्न कोणाचं आहे ते आधी वाचलं, मग म्हणाली, "युनिट वाढले की दर वरच्या टप्प्यात जातो, ते कुठे धरलंय?"

मी धरलं.

"आणि वीज येते कुठून?"

"महावितरणकडून."

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी कोराडी आणि खापरखेडा. दोन्ही औष्णिक वीज केंद्रं शहराच्या उत्तरेला, आणि त्यांना लागणाऱ्या कोळशाचा कारभार पाहणाऱ्या वेकोलिचं मुख्यालयही आमच्याच सिव्हिल लाइन्समध्ये. जगातल्या इतर पर्यावरणप्रेमींना आपला धूर कुठे निघतो हे दिसत नाही. नागपूरकराला गच्चीवर गेलं की चिमण्यांसकट दिसतं.

"म्हणजे आपला धूर आता कोराडीला निघणार," सौ. म्हणाली.

"पण उंच चिमणीतून."

"थंडीत वारा उत्तरेचा असतो. तो धूर परत इथेच येतो."

मग मी सोलरवर आलो. केंद्राची सूर्यघर योजना आहे, अनुदान आहे, नागपूरला सूर्याची तर कधीच टंचाई नव्हती. तिनं एवढंच दाखवून दिलं, की सूर्य असतो तेव्हा गाडी बुटीबोरीत असते आणि गाडी घरी येते तेव्हा सूर्य गेलेला असतो. नेट मीटरिंगनं ते जुळतं, हे मला नंतर कळलं. पण आमच्या गच्चीवर पापड-कुरड्या वाळवणाऱ्या सहा घरांचं नेट मीटरिंग कोण करणार? सोलरचा विषय तिथेच वाळला.

गाडी आली. आता तिला वीज पाजायची होती, आणि आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये एक बल्ब आणि एक पाल याखेरीज विजेशी संबंध असलेलं काही नव्हतं. आमसभा बोलवावी लागली. या सभेला पहिल्यांदाच कोरम पूर्ण भरला.

तळमजल्यावरचे निवृत्त काका उभे राहिले. "रात्री स्फोट झाला तर? आमची बेडरूम बरोबर बाजूला आहे."

मी म्हटलं, "काका, तुमच्या उशाशी मोबाइल चार्जिंगला असतो ना, त्यातही लिथियमच असतं."

हे मी धीर देण्यासाठी बोललो होतो. त्या रात्रीपासून काका मोबाइल गॅलरीत ठेवून झोपतात, अमेरिकेतल्या मुलीचा फोन त्यांना ऐकू येत नाही आणि ती सगळ्यांना सांगते की नागपूरला शेजारी चांगले नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची शंका वेगळी होती. "करंट पसरतो का हो? माझी स्कूटी बाजूलाच उभी असते."

"पसरला तर बरंच आहे वहिनी, फुकटात चार्ज होईल."

"पेट्रोलची आहे ना ती!" वहिनी दचकून म्हणाल्या, आणि ठरावाच्या विरोधात हात वर केला.

सेक्रेटरींनी प्रश्न तत्त्वाचा केला. आमच्याकडे सेक्रेटरीला दुसरा कुठला प्रश्न करताच येत नाही. "आज हे कार लावून राहिले, उद्या कोणी पिठाची गिरणी लावेल. तेव्हा काय म्हणाल?" गिरणी लावायची कोणाच्या मनात नव्हती, पण ऐकल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या मनात आली, आणि मग अर्धा तास गिरणीवर गेला. शेवटी स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या जोखमीवर वायर टाकायची परवानगी मिळाली. समोसे सोसायटीच्या खात्यातून आले.

इलेक्ट्रिशियननं वायर टाकली, एमसीबी बसवली, पंधरा अँपिअरचं सॉकेट ठोकलं. चार्जर लावला. चार्जरनं लाल दिवा दाखवला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल.

"साहेब, तुमच्या बिल्डिंगले अर्थिंगच नाही," तो म्हणाला.

"वीस वर्षं राहतोय आम्ही इथे!"

"राहिले असाल. पण बिनाअर्थिंगचे राहिले."

हे ऐकून आमच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. फ्रिजला ओल्या हातानं शिवलं की हलकी झिणझिणी यायची, तो आम्ही फ्रिजचा स्वभाव धरून चाललो होतो. वॉशिंग मशीनला चप्पल घालूनच हात लावायचा, हे सुनेला घरात आल्या आल्या सांगायची आमच्याकडे रीत होती. टीव्ही, मिक्सर, गीझर, कोणीही कधी तक्रार केली नव्हती. अख्ख्या इमारतीत तत्त्वाला धरून अडून बसलेली ही पहिलीच वस्तू.

मग अर्थिंगचा खड्डा खणला गेला. त्यात नळी गेली, मीठ गेलं आणि पोतंभर कोळसा गेला. सौ. गॅलरीतून बघत होती. कोळशाचं पोतं उतरलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त उत्तरेकडे बघितलं.

जाताना इलेक्ट्रिशियननं बजावलं, की उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा खड्ड्यात रोज पाणी टाकत जा. त्यामुळे संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर टाय काढायच्या आधी मी एक बादली घेऊन पार्किंगच्या कोपऱ्यात जातो. पहिले काही दिवस चौकीदार लांबून बघत होता. मग त्याला राहवलं नाही.

"काय लावलं साहेब?"

"अर्थिंग."

त्यानं वाकून नीट पाहिलं. "कधी लागते?"

"काय?"

"फळ."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर विचारलंही नाही. रोज संध्याकाळी एक माणूस जमिनीला पाणी घालून, पाच मिनिटं उभा राहून, हिरवा दिवा लागल्यावर हात जोडतो, हे त्यांनी पाहिलं होतं. एका गुरुवारी तिथे उदबत्ती लावलेली दिसली.

एप्रिल उजाडला आणि घराघरांतले कूलर माळ्यावरून खाली आले. नागपूरचा उन्हाळा सुरू झाल्याची घोषणा हवामान खातं करत नाही, खसच्या ओल्या ताट्यांचा वास करतो. आमच्या मंजूर वीजभारात आईचा कूलर, आमचा एसी आणि गाडी या तिघांना एका वेळी चालता येत नाही, हे पहिल्याच रात्री साडेअकराला कळलं. एमसीबी पडली. चालू केली, पुन्हा पडली. तिघांपैकी कोणी तरी दोघांनीच चालायचं होतं. मला वाटलं निर्णय सोपा आहे. गाडीचा चार्जर काढायला मी चपला घातल्या, तर आतून आईचा आवाज आला.

"राहू दे रे तिला. दमून येते ती बुटीबोरीहून."

"आणि मी कुठून येतो आई?"

"तू बसून येतोस."

त्या रात्री एसी बंद राहिला. वीजभार वाढवून घेईपर्यंत असंच चाललं. वीजभार वाढवण्यासाठी कोणते कागद लागतात याची यादी इथे देत नाही, कारण ती यादी दर खेपेला वेगळी होती आणि वाचकांनाही आपापले उन्हाळे आहेत.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आम्ही नागपूरकर त्या बाबतीत जरा हळवे आहोत. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं 56 अंश तापमान दाखवलं. ऐन नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस. तासाभरात ही बातमी माझ्या सगळ्या नातेवाईकांनी सगळ्या नातेवाईकांना पाठवली. मग हवामान खात्यानं सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. गावात हळहळ पसरली. आमचे मेहुणे आजही 56 च सांगतात.

अशा गावात कारचा एसी ही चैनीची गोष्ट राहत नाही. पण मी एसीचं बटण दाबलं की समोरच्या पडद्यावरचा आकडा पटकन उतरतो. आत्ता 190 जाणार म्हणत होती, लगेच 170 म्हणते. त्या वीस किलोमीटरसाठी मी मे महिन्यात वर्धा रोडवर एसी बंद ठेवून, काचा खाली करून, डोक्याला दुपट्टा बांधून आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून गाडी चालवली आहे. सौ.नं भरून दिलेल्या पन्ह्याला मांडीवर उकळी फुटायची बाकी असायची. सिग्नलवर बाजूच्या जुन्या डिझेल गाडीतला माणूस काच बंद करून, स्वेटर तेवढा घालायचा ठेवून, आरामात बसलेला असायचा. त्याला माझी दया यायची आणि मला त्याच्या इंधनखर्चाची. ऑफिसात पोचलो की बॅटरी 85 टक्के असायची आणि मी 15.

त्या वाचवलेल्या वीस किलोमीटरचं मी पुढे काय केलं, असं कोणी विचारू नये. ते अजून बॅटरीतच आहेत.

या आजाराला बाहेरच्या देशांत रेंज अँग्झायटी म्हणतात. जनरल मोटर्सनं तर 2010 मध्ये या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता. आमची भीतीसुद्धा कोणाच्या तरी मालकीची व्हायची होती. पण नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि तिथल्या थंडीतही बॅटरी लवकर उतरते. ती माणसं रोज कामावर जातात, घरी येतात, हिवाळाभर गाडी हीटर लावून चालवतात. त्यांच्या खिशात कांदा असल्याचं कुठे वाचनात नाही.

माझी जुनी पेट्रोलची गाडी आठवते. तिचा काटा लाल पट्टीच्या वर आलेला मी फारसा पाहिलाच नाही. दिवा पेटला की "अजून चाळीस किलोमीटर जाते" म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत चालवायचं, हा आमच्याकडे पुरुषार्थ होता. पंपावर "दोनशेचं टाक" म्हणताना मान ताठ असायची. बायको-मुलांना घेऊन रामटेकहून रात्री दहा वाजता परत येताना काटा शून्याच्या खाली गेला होता आणि मी गाणं म्हणत होतो. आता तोच मी 60 टक्के दिसले की बोलणं बंद करतो. 50 ला घशाला कोरड पडते. 40 टक्क्यांना मी घरच्यांना फोन करून कुठे आहे ते सांगतो. चाळीस टक्के म्हणजे ऐंशी किलोमीटर, म्हणजे बुटीबोरीहून घरी येऊन, जेवून, पुन्हा बुटीबोरीला जाऊन झोपता येईल, हे सगळं तोंडपाठ असून.

"तेव्हा देवावर भरवसा होता तुमचा," सौ. म्हणाली. "आता आकडा दिसतो ना."

आकडा दिसतो म्हणून मग मी जिथे जाईन तिथे वीज मागू लागलो. चार्जरची बॅग कायम डिकीत असायची. महालातल्या मावशीकडे गेलो की पाया पडता पडता नजर भिंतीवर. मावशीच्या वाड्यातली सॉकेटं बहुधा भोसल्यांच्या काळात बसवलेली असावीत. त्यात माझी पिन जाईना. शेवटी स्वयंपाकघरातून एक एक्स्टेन्शन निघालं, ते देवघराच्या उंबऱ्यावरून, ओसरीवरून, तुळशीला वळसा घालून गल्लीपर्यंत आलं. त्यावर येणारे-जाणारे अडखळायचे आणि मावशी प्रत्येकाला कौतुकानं सांगायची, "आमच्या भाच्याची गाडी आहे. विजेवर चालते बिचारी."

"आला आहेस तर जेवून जा," मावशी म्हणाली.

"नको मावशी. तिचं होईपर्यंत बसतो फक्त."

तिचं होईपर्यंत म्हणजे चार तास. मावशीनं सांबारवडी तळली, काकांची डुलकी झाली, त्यांच्या पेन्शनची फाइल वाचून झाली. नात्यात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पूर्वी आम्ही आलो की लोक चहाचं आधण ठेवायचे, आता मीटरकडे बघून येतात. धरमपेठेतल्या चुलतभावानं परवा फोनवरच सांगून टाकलं, "ये ना जेवायला. पण स्कूटरवर ये."

नातेवाईक संपले तेव्हा मी सार्वजनिक चार्जिंगकडे वळलो. त्या बाबतीत नागपूरचा इतिहास मोठा आहे, हे नम्रपणे सांगायला हवं. देशातला विजेच्या टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग इथेच झाला. 26 मे 2017 ला ओलानं दोनशे विजेच्या वाहनांचा ताफा इथे आणला, त्यात महिंद्राच्या छोट्या कार होत्या, ई-रिक्षा होत्या. गडकरी, फडणवीस सगळे हजर होते. त्याच वर्षाच्या शेवटी इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंग सुरू झालं तेही पहिल्यांदा इथेच. ओलाच्या ताफ्याची तारीख मात्र कोणी निवडली होती कोण जाणे. 26 मे! नवतपाचा दुसरा दिवस. पुढे चार्जिंगसाठी गाड्यांच्या रांगा लागल्या, चालक डिझेलकडे परत जायचं म्हणू लागले, आणि एका ठिकाणी तर रांगेमुळे रस्ता अडतो म्हणून आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि चार्जिंग केंद्रच बंद करावं लागलं. दिवसाला दीडदोनशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याची ती अडचण खरी होती. साठ किलोमीटरच्या हिशेबनिसाला तिच्यात घुसायचं काही कारण नव्हतं. तरी मी घुसलो.

आता चार्जिंगची ठिकाणं बरीच झाली आहेत. प्रत्येकाचं ॲप वेगळं. प्रत्येक ॲपच्या पाकिटात आधी पैसे भरायचे, मग ओटीपी, मग मशीन म्हणतं गाडी जोडा, गाडी म्हणते मशीन जोडा. माझ्या फोनमध्ये बायकोचे फोटो कमी आणि ही ॲपं जास्त झाली आहेत. त्यातल्या एकात माझे अठ्ठावीस रुपये अडकले आहेत. तेवढ्यासाठी मी तिथे पुन्हा जातो आणि दरवेळी तीनशे भरतो.

एका दुपारी असाच एका ठिकाणी पोचलो, तर चार्जिंगच्या जागेवर एक भलीमोठी डिझेल एसयूव्ही उभी. आत एक गृहस्थ सीट मागे टाकून आडवे झालेले.

"भाऊ, ही चार्जिंगची जागा आहे."

"हौ ना," ते डोळे न उघडता म्हणाले. "म्हणूनच त लावली. मोबाइल चार्जिंगला आहे माझा."

"अहो, गाड्यांच्या चार्जिंगची."

त्यांनी एक डोळा उघडला, वरच्या पत्र्याच्या छताकडे बोट केलं. "शहरात दुसरी सावली दाखवा, आत्ता हटवतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नागपुरात मे महिन्यात सावली मोकळी ठेवायला सांगणं हे कायद्यात बसेल, माणुसकीत बसत नाही. मीही त्यांच्या मागे, अर्धी गाडी सावलीत येईल अशी लावून बसलो. तासाभरानं आमची चांगली ओळख झाली. त्यांनी विचारलं, किती जाते. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शेगावले..."

तेव्हाच मला उड्डाणपुलांचा शोध लागला. विजेची गाडी उतारावर थोडी वीज परत बॅटरीत भरते. नागपूर पडलं सपाट. सेमिनरी हिल्सला आम्ही डोंगर म्हणतो, यावरून काय ते समजा. पण उड्डाणपूल भरपूर. वर्धा रोडवरचा दुमजली पूल 3.14 किलोमीटरचा, खाली रस्ता, मध्ये पूल, वर मेट्रो, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. कामठी रोडवरचा त्याहून लांब, 5.67 किलोमीटर. मी वाट वाकडी करून पुलांवर जायला लागलो. उतारावर पडद्यावर हिरवी रेघ उमटते, वीज भरते, आणि कोराडीला न विचारता काही तरी कमावल्याचा आनंद होतो. चढताना किती जाते, ते मी बघत नाही.

पुलावर असताना डोक्यावरून मेट्रो जाते. तीही विजेवरच चालते, आणि तिच्यात आमच्याच कारखान्यातले एक सहकारी खापरीपर्यंत पेपर वाचत जातात, पुढे कंपनीच्या बसनं येतात. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरीपर्यंत जाणार आहे. या सहकाऱ्यांना आजवर कोणी, अगदी घाटावरसुद्धा, तुमची किती जाते म्हणून विचारलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आहे.

मागच्या महिन्यात छत्रपती चौकात माझ्या बाजूला एक ई-रिक्षा येऊन थांबली. आत सहा शाळकरी पोरं, दोन बाया आणि एक कांद्याचं पोतं. हिला विजेवर धावताना मी कित्येक वर्षं बघत आलो होतो, पण आपण एकाच जातीचे आहोत हे कधी मनात आलं नव्हतं. मी काच खाली केली.

"दादा, तुमची किती जाते?"

"सांजपावतर जाते."

"आत्ता किती टक्के आहे?"

"कोण जाणे. काटा बंद आहे तिचा, दोन साल झाले."

"मग भीती नाही वाटत?"

"कायची?"

"मध्येच संपली तर?"

"संपली त ढकलतो," तो म्हणाला. मग वाकून माझ्या गाडीत डोकावला, तो भलामोठा पडदा, त्यावरचे आकडे, रेघा, हिरवी-निळी चित्रं बघितली. "हे एवढं मोठं काहून लावलं साहेब? पिच्चर दिसते का?" सिग्नल सुटला आणि तो कांद्यासकट पुढे निघून गेला. माझ्या पडद्यावर 72 टक्के होते. मी एसी लावला. एकदम एक नंबरावर, पण लावला.

इकडे आमच्या स्कीममध्ये दिवस पालटले आहेत. दसऱ्याला सेक्रेटरींनी विजेची गाडी घेतली. पाठोपाठ वहिनींनी पेट्रोलची स्कूटी देऊन विजेची घेतली आणि आता करंट पसरत का नाही अशी त्यांची तक्रार असते. अर्थिंगच्या खड्ड्यावर तीन घरांची वायर आली, तेव्हा सेक्रेटरींनी प्रश्न पुन्हा तत्त्वाचा केला आणि रविवारी आमसभा बोलावली. विषय एकच: उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी कोण घालणार. पाळ्या लावायच्या असं ठरत आलं होतं, इतक्यात तळमजल्यावरचे काका उभे राहिले.

"पाणी नळाचं घालणार की बोअरचं?"

"बोअरचं," सेक्रेटरी म्हणाले.

"मग बोअरची मोटर कोणाच्या मीटरवर?"

सभेत शांतता पसरली. चौकीदार दारातून म्हणाला, की आजींच्या उदबत्तीचे पण पैसे धरा. सेक्रेटरींनी वही मिटली, विषय अभ्यासासाठी एका उपसमितीकडे सोपवला, तिच्यावर हिशेबतज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक केली आणि सभा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब केली. समोसे तोवर येऊन पडले होते, ते मात्र तहकूब करता आले नाहीत.